शेंदराखालचा हात

बाबा, तुमच्या माघारी आपल्या वावरातल्या देवाची खोळ परवा गळून पडली. वर्षानुवर्षं थापलेला शेंदूर ढेकळासारखा ओट्यावर कोसळला आणि आत बसलेला माणूस दिसला. डोळे मिटत आलेले, उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली. मी कापूस वेचत होते. ओटीतला कापूस तसाच सांडला.

तो हात माझ्या ओळखीचा होता. नवरा गेल्यावर मी परत आले, तेव्हा तुम्हीच मला सायकलवर बसवून पुलगावच्या वाचनालयात नेलं होतं. "माह्या पोरीले जाडे पुस्तकं द्या, लवकर सरले नाई पाह्यजे," असं तिथल्या माणसाला सांगितलंत. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्यातल्या एका पुस्तकात बुद्धाच्या मूर्तींची चित्रं होती. ब्रह्मदेशातली, सयामातली, तिबेटातली. नाकडोळे ज्या त्या मुलखातल्या माणसांचे, पण हात हाच. भुईला साक्षीला बोलावणारा, असं लिहिलं होतं. आणि आपण त्याच्यापुढे दर आखाडीला कोंबडा कापला. मान मी धरलेली आहे.

"दादा, हा तं बुद्ध हाय," धावत आलेल्या भावाला मी म्हटलं.

"हळू बोल. मले मालूम हाय. बाबालेई मालूम होतं."

मी सांडलेला कापूस गोळा करायला लागले. दादा सांगत होता. माझं लग्न झालं त्या वर्षी नांगराला हा दगड लागला. तुम्ही धोतराच्या सोग्यानं माती पुसली, चेहरा पाहिला आणि त्याला म्हणालात, "बस्तीतल्यायले कळलं तं बुद्धाची जागा म्हणतीन, वावर हातचं जाईन. आजच शेंदूर फास."

बाबा, ती बस्तीतली बाई आठवते? निंदणाला यायची, तिच्या घरात भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं. मी परत आल्यावर एकदा भर उन्हात ती या ओट्याला टेकून भाकर खायला बसली. तुम्ही बांधावरून ओरडलात, "उतर खाली! देव बाटते माहा."

"बसू द्या ना मालक, मी काई तुमचा देव पदरात बांधून नेत नाई."

निंदणाऱ्या बाया हसल्या. तुम्ही नाही हसलात. विहिरीचं पाणी शेंदून मला ओटा धुवायला लावलात. अर्धी भाकर हातात धरून ती बघत उभी होती. रीतच तशी, त्यात बाबांचा काय दोष, असं म्हणून मी तो दिवस मनातून काढून टाकला होता. पण ओट्यावर कोण बसलाय हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं. ठाऊक असून तिला उठवलंत. मला पुस्तकं देणारा माणूस तो हाच का, हे मला अजून उमगत नाही.

दादानं शेंदूर नि तेल आणलं. "काऊन पाहून राह्यली? कालव." मी कालवला. चेहऱ्याला हात लावायला तो धजेना, म्हणून तोही मीच लिंपला. आधी बोटं बुजवली, मग डोळे.

एवढ्यात तीच बस्तीतली बाई बांधावरून आली. आता पुरती वाकली आहे. ओट्यापासून चार पावलं दूर थांबली.

"काऊन वो बाई, देव नवा केला?"

मी हो म्हटलं.

हे लिहिलेलं मी चुलीत घालणार आहे. कोणाच्या हाती लागलं तर वावर जाईल, याची भीती तुमच्याइतकीच मलाही वाटते.