तुसाचं दार

अप्पा, परवा मुलाच्या शोळिंगनल्लूरच्या घरी एक साधी गोष्ट झाली आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. त्याचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. एसी दिवसभर गुरगुरतो, वीज खातो, आणि खोली काही केल्या गार होत नाही. शेवटी त्याच्या लक्षात आलं की छताला वरच्या पोकळीत जायचं चौकोनी झाकण आहे, तिथून धग उतरते. त्यानं जाड फोम आणला, शिडी लावली आणि म्हणाला, “आई, जरा शिडी धर.” मी एका हातानं शिडी धरली आणि दुसरा हात आपोआप वर गेला, मनगट उलटं करून, तुम्ही धरायचात तसा. मनगटाला धग लागली आणि मी तिथंच खाली बसले. तो घाबरला. उन्हाचं झालं असेल म्हणून मी वेळ मारून नेली. त्याला एक मामा होता हेसुद्धा मी त्याला कधी नीट सांगितलेलं नाही.

तांबरमच्या आपल्या घराला मंगळुरी कौलं होती, आणि मधल्या खोलीला तेवढं फळ्यांचं छत. त्या छतात माळ्यावर जायची चौकट आणि तिला एक पातळ फळी, बस्स. तुम्ही माळा म्हणायचात, अम्मा परण म्हणायची, आणि तुमच्यातलं लाडीगोडीचं भांडण याच शब्दावर चालायचं. “तंजावरची माणसं मराठी बोलतात की तमिळला फोडणी देतात?” असं तुम्ही म्हणायचात, आणि ती म्हणायची, “तुमच्या साताऱ्याला परण तरी आहे का, बोलताय ते?” हे सगळं माझा धाकटा भाऊ आजारी पडायच्या आधीचं. आजारी तरी कसं म्हणू. त्याला घाम यायचा नाही, एवढंच. केस विरळ, दात दोनच, आणि ऊन चढलं की अंग तव्यासारखं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याला औषध नाही, याला गार ठेवा. मद्रासमध्ये गार ठेवा.

तुम्ही बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात होता हे आपलं नशीब, असं तेव्हा सगळे म्हणायचे. रोज संध्याकाळी तुम्ही इलेक्ट्रिक गाडीनं बर्फाची लादी आणायचात, गोणपाटात आणि तुसात गुंडाळून. डब्यातली माणसं पाय वर घ्यायची, कुणी चिडायचं, कुणी थट्टा करायचं. धाकटा दारातच बसलेला असायचा. गोणपाटातून पाणी ठिबकताना बघून विचारायचा, “अप्पा, आज बर्फ वाटेत फार रडला का?” लादी परातीत घालून त्याच्या उशाशी ठेवायची, टेबलफॅन त्यावरून फिरवायचा. पण मध्यरात्रीच्या आत तिचं पाणी व्हायचं. मग तुम्ही एका रविवारी दुपारी शिडीवर चढून मनगट त्या चौकटीजवळ धरलंत आणि म्हणालात, “अगं, आपण खाली बर्फ जाळतोय आणि वरून चूल पेटलीय.”

ते दार तुम्ही कारखान्यातल्या बर्फकोठीसारखं केलंत. दोन फळ्यांच्या मधे वीतभर भाताचं तूस ठासून भरलं, कडेनं डांबरात बुडवलेला काथ्या कोंबला, आणि चारी बाजूंनी खिळे ठोकले. कोठीतलं तूस एकदा ठासलं की हंगाम संपेपर्यंत हलवायचं नाही, हा तुमचा धडा. “बर्फाला जे वाचवतं तेच याला वाचवेल,” म्हणालात. आणि खरंच, अप्पा, दुसऱ्या दिवशी पहाटे परातीत बर्फाचा तुकडा शिल्लक होता. धाकट्यानं तो गालाला लावला. तुम्ही त्या तुकड्याकडे बघत होता तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. अम्माच्या कोलूच्या, नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या वर ट्रंकेत आहेत, हे त्या वेळी तुमच्या ध्यानातही नव्हतं. असणार कसं, तुमच्या घरी नवरात्रात घट बसायचे, बाहुल्या मांडायची रीत तुमची नव्हती.

नवरात्र आलं तेव्हा मद्रासचा दिवाळीच्या सुमाराचा पाऊस सुरू झालेला नव्हता आणि घर तापलेलंच होतं. अम्मा म्हणाली, सगळ्या नक्को, चंदनी लाकडाची ती जोडी तेवढी काढून द्या, माझ्या आईनं दिलेली. तुम्ही नाही म्हणालात. ती म्हणाली, “मांडणाऱ्या घरानं खंड पाडू नये. घरातल्या लेकराला लागतं ते.” तुमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. “लेकरासाठीच बंद केलंय ना? बाहुल्या हव्यात की मुलगा, ते एकदा सांग.” तिनं फळ्यांच्या पायऱ्या रचल्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरलं आणि नऊही दिवस त्या रिकाम्या पायऱ्यांपुढं दिवा लावला. बायका हळदीकुंकवाला आल्या, रिकाम्या पायऱ्या बघून लवकर उठल्या. मी सगळ्यांना प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटत फिरले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षीचं अग्निनक्षत्र, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस. धाकट्याचा ताप दोन दिवस उतरलेला नाही. डॉक्टर सकाळी येऊन गेलेत, इस्पितळातला वॉर्ड याहून जास्त तापलाय, इथंच ठेवा म्हणालेत. अम्मा त्याच्या अंगावरचं ओलं फडकं बदलतेय आणि तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. मग तुम्ही एकदम शिडी आणता, पहार आणता. अम्मा वर बघते. “नक्को हो. धग उतरेल त्याच्या अंगावर.” तुम्ही म्हणता, “खंड पडलाय आपल्याकडून.” तुमच्या तोंडून हे असं वाक्य मी आधी कधी ऐकलेलं नाही. खिळे कचकचतात, तूस तुमच्या डोक्यावर, माझ्यावर, धाकट्याच्या पांघरुणावर सांडतं, आणि मागोमाग ती धग उतरते. तुम्ही ट्रंक खाली घेता. भर वैशाखात बाहुल्या मांडता, कशाही, राजाशेजारी भाजीवाली, देवाच्या वरच्या पायरीवर वाणी. अम्मा उठते, ओल्या हातानं ती लाकडी जोडी उचलते, सगळ्यात वर ठेवते आणि परत त्याच्याजवळ जाऊन बसते. तुम्ही घाईघाईनं दार पुन्हा ठोकून बसवलंत. दिवेलागणीच्या आत तो गेला.

डॉक्टरांनी नंतर तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की दार उघडलं काय, न उघडलं काय, ताप हाताबाहेर गेलेला होता. तुम्ही मान हलवलीत. पण त्यानंतर तुम्ही कधी घरात बर्फ आणला नाहीत, पाहुण्यांच्या सरबतापुरतासुद्धा नाही. तुमचं नि अम्माचं त्या दुपारबद्दल एकही बोलणं झालं नाही. माळा, परण, दोन्ही शब्द घरातून गेले. मला तुम्हा दोघांचा राग यायचा, खरं सांगते. भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही अकाली म्हातारे झालात आणि तसेच गेलात, आणि ती मात्र पुष्कळ जगली.

शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडे अड्यारला होती. एका दुपारी मी पंखा मोठा केला तर म्हणाली, “मला बाहुल्यांचं तसं काही वाटत नव्हतं गं.” मला आधी कळेना ती कुठलं बोलतेय. “माझी ट्रंक वर आहे का नाही, एवढं विचारायला हवं होतं त्यांनी, खिळे ठोकण्याआधी. न विचारता ठोकले, म्हणून राग आला मला. लेकराला लागतं बिगतं ते रागात तोंडातून गेलं. त्यांनी ते खरं धरलं. आयुष्यात माझं एवढं एकच खरं धरलं.” मग भिंतीकडे तोंड करून पडली. तुमच्या कानावर घालायला हवं होतं, म्हणाली, जमलं नाही. तिच्या वतीनं आपण हे तुम्हाला कळवावं, असं मनात धरून मी आज लिहायला बसले. फोम लावून झालाय, खोली आता छान गार राहते. आणि इथवर लिहून झाल्यावर कळतंय, अप्पा, की तुम्ही हयात असतात तर ते दार रागातल्या एका वाक्यापायी उघडलं गेलं, हे मी तुम्हाला कळू दिलं नसतं.