बोरॉन, मी आणि फितूर सोमशेखर

१२ मार्च १९८८, गुलबर्गा
आजपासून संशोधन. इतकी वर्षं बी.एस्सी.च्या पोरांना शिकवण्यात वाया गेली. आता जगाला शिकवायचं. विषय: बोरॉनचं सेंद्रिय संयुग, उत्प्रेरक म्हणून. आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर करायला सल्फ्युरिक ॲसिड लागतं. दांडगट ॲसिड. माझं बोरॉन तेच काम सभ्यपणे करील, आणि शेवटी जसंच्या तसं परत मिळेल. मदतीला सोमशेखर. माझाच जुना विद्यार्थी, आता आमच्याच कॉलेजात लेक्चरर. कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातली.

२ एप्रिल
संयुग बनवायला ईथर लागतं. ते पस्तीस डिग्रीला उकळतं. आमची लॅब बेचाळीसवर. बाटली उघडली, अर्धी उडून गेली. सोमशेखर म्हणाला, पावसाळ्यापर्यंत थांबू. थांबणारे मागे राहतात. उद्यापासून पहाटे लॅब.

३ एप्रिल
जाग साडेआठला आली. शोभानं उठवलं न्हाई. बायकोची साथ नसली की विज्ञान असं अडतं.

१९ एप्रिल
जमलं! पावडर पिवळट आहे, पण शुद्धच असणार. नळाला पाणी न्हाई म्हणून पोरांच्या प्रॅक्टिकलचाच फ्लास्क तसाच घेतला. तासाभरात एस्टरचा वास, पिकल्या केळ्यासारखा! घरी शोभा म्हणाली, "कामून केळ्याचा वास यायलाय तुमच्या अंगाला?" म्हटलं, हा शोधाचा वास. म्हणाली, "मग पोरांसाठी चार आणायचे की."

२० एप्रिल
धारवाडच्या परिषदेला पेपर पाठवला. नाव माझं एकट्याचं. एवढ्या कमी वयात प्रसिद्धी मिळाली तर सोमशेखर बिघडेल.

५ मे
बोरॉन परत मिळालं न्हाई. फिल्टर पेपरवर नुसता डाग. उन्हाळा. सोमशेखर म्हणतो, "सर, बोरॉन न घालता एकदा ब्लँक घेऊ." म्हटलं, नवरदेवाशिवाय लग्न लावून बघतात का?

११ मे
फितुरी! माझ्यामागं त्यानं ब्लँक घेतली. तोच फ्लास्क, बोरॉन न्हाई, तरी केळ्याचा वास. मग स्वच्छ धुतलेला फ्लास्क, माझं बोरॉन: वासच न्हाई. म्हणे, पोरांचं सल्फ्युरिक ॲसिड फ्लास्कला तसंच राहिलेलं. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी. नाटकी! माझ्या डब्यातली भाकरी खाल्लेला माणूस. म्हटलं, परिषद होईपर्यंत तोंड बंद ठेव. तो मान खाली घालून गेला.

१२ मे
न्हाई ठेवलं. विभागप्रमुख गुरुपादय्या सरांनी बोलावलं. सोमशेखर आधीच तिथं. सरांनी एवढंच विचारलं, ब्लँक घेतली होती का? मी उन्हाळ्याबद्दल बोललो. पेपर मागे घेतल्याची तार करावी लागली. सोमशेखरशी आजपासून अबोला.

२० जून
सोमशेखर पीएच.डी.ला धारवाडला चालला. निरोप समारंभाला जायचं नव्हतं, चिवड्यासाठी गेलो. भाषणात म्हणाला, "पहिल्या वर्षाला असताना मी ब्लँक घेतली न्हाई म्हणून सरांनी माझं प्रयोगाचं पान फाडलं होतं. तवापासून मी ती सोडली न्हाई." सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. टाळ्या.
मला काहीच आठवेना. घरी येऊन शोभाला विचारलं, मी असं करायचो का गं?
भाकरी थापता थापता म्हणाली, "व्हय तर. तवा तुमी लई चांगलं शिकवत होताव."