वडिलांची माडांची बाग होती

१२ नोव्हेंबर २०२५
मालिकेत मी गेल्या आठवड्यात मेले, जिन्यावरून पडून. चौदाशे भागांची सासू एका दुपारी संपली आणि मग सगळ्यांनी केक खाल्ला. पुढचं काम एकवीसला. मधल्या दिवसांत माहेरी, देवबागला आले. सहा वर्षांनी! कारण एकच – बाबांची माफी मागायची. ते अठ्ठ्याहत्तरचे झाले, अजून किती लांबवू?

कुडाळला सत्यवान गाडी घेऊन आला होता. "बारीक झालंस गो. टीव्हीर जाडी दिसतंस." धाकटा भाऊ, असंच बोलणार.

बाबा घरासमोरच्या खळ्यात खुर्चीवर होते. गाडीतून उतरतानाच हाक मारली. वळले नाहीत. सत्यवानच्या बायकोने, सुभद्राने, जाऊन हात लावला, तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढंच.

१३ नोव्हेंबर
लिहूनच टाकते.

बाबा दशावतारात बाईची कामं करायचे. चाळीस वर्षं. नऊवारी अशी नेसायचे की लग्नानंतर आई त्यांच्याकडून शिकली. रडताना तोंड झाकायचं नाही, लोकांना डोळे दिसले पाहिजेत – हे मला त्यांनी आठव्या वर्षी सांगितलं. त्याच रडण्यावर मी मुंबईत घर घेतलं.

आणि सहा वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या मुलाखतीत विचारलं, अभिनय घरातून आला का? मी म्हटलं, छे, वडिलांची माडांची बाग होती. फोटोही तसाच शोधून दिला, ते माडाला टेकून उभे आहेत असा. लुगडं नेसणारा बाप सांगायची लाज वाटली. दुसरं कारण नाही.

त्याच जत्रेच्या हंगामात बाबांनी दशावताराची कंपनी सोडली. त्यानंतर माझ्या फोनवरही कधी आले नाहीत.

१५ नोव्हेंबर
"सुभद्रा, तिका विचार, पेज व्हयी काय?" बाबांनी विचारलं. मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर बसलेली.

१६ नोव्हेंबर
सत्यवानला विचारलं, बाबा अजून रागावलेत का? तो पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलत होता. "कसलो राग? तेंका हल्ली बोलाचोच कंटाळो." माझ्याकडे न बघता म्हणाला. मला हा लहानपणापासून असाच फसवायला बघतो, आणि त्याला ते जमत नाही.

१७ नोव्हेंबर
बोलले.

संध्याकाळी बाबा खाडीकडे तोंड करून बसले होते. पर्यटकांच्या बोटी परतत होत्या. मी खुर्चीच्या मागे उभी राहिले. समोर जायची छाती झाली नाही. म्हटलं, बाबा, मी तुमची लाज धरली. मला जे येतं ते सगळं तुमचं आहे आणि मी ते नाकारलं, चारचौघांत. मला माफ करा. रडताना तोंड झाकलं नाही, पण बघायला कोण होतं?

 ते उठले आणि वाळत घातलेलं खोबरं सुपात भरायला लागले.

उत्तर मिळालं. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

१८ नोव्हेंबर
उद्याचं तिकीट काढलं. इथे आता काय करू?

१९ नोव्हेंबर
बॅग भरताना सुभद्रा दार लोटून आत आली. "ताई, अशा जाव नका. तेंका आयकाक येना नाय. सहा वर्सां झाली."

दशावतारात लिहिलेलं काही नसतं, समोरचा बोलतो ते ऐकून उत्तर द्यायचं. सुभद्राने सांगितलं, त्या हंगामात एका जत्रेत राजाचं काम करणाऱ्याने काहीतरी विचारलं आणि बाबा नुसते रडतच राहिले. लोक हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनी सोडली. घरात सगळ्यांना त्यांनी शपथ घातली – "तिका सांगू नको. नाटक कळणारा ता एकच आसा."

मग मुलाखत? मी विचारलं.

"बगली तेंनी. आयकाक खंय येय होती? आपलो फोटो दिसलो, तसे वाडीभर सांगीत गेले – माझा चेडू टीव्हीर माझ्याबद्दल बोलला. मगे तेंका खरा सांगूची हिंमत कोणाक झाली नाय."

तोंडाकडे बघितलं की त्यांना थोडं कळतं म्हणे.

बाबा बाहेर बसलेत. समोर खुर्ची रिकामी आहे. माफी मागायची तर आधी मुलाखतीतलं खरं सांगावं लागेल. बसून काय सांगू?