सहा तास वीस मिनिटं

३ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. निघताना मी आईला म्हटलं, विमानाने पंचावन्न मिनिटं, हाक मारलीस की आलेच. त्यावर तुमचं पत्र आलं, की ती पंचावन्न मिनिटं विमानाची, तुझी नव्हेत. मोजणीदाराच्या लेकीने उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावं. शाळेआधी मला बेरीज तुम्हीच शिकवलीत, तेव्हा नाक घासून मोजलं.

अंतर चारशे दहा किलोमीटर. माझी खोली ते विमानतळ सव्वा तास, तपासणी आणि ताटकळणं दोन तास, उड्डाण पंचावन्न मिनिटं, सामान वीस, तिथून घर पन्नास. रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून वर एक तास जादा धरला. एकूण सहा तास वीस मिनिटं. आता तरी पास करा.

गोळ्या चुकवू नका. आईला सांगून ठेवलंय, चहाड्या येतातच.

लोभ आहे तसाच ठेवावा.
तुमची,
घड्याळबाई

२१ जुलै

चि. घड्याळबाईस,
अ. आ.

तू आठवडाभर इथे होतीस, पण हे तोंडातून निघालं नाही. लिहून टाकते.

बाबा गेले त्या दिवशी सकाळी साडेआठला त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, फार तर सहा तास. त्यांनी ते ऐकलं. मी फोन उचलला, तर त्यांनी खुणेने तुझं पत्र मागितलं आणि बेरीज पुन्हा तपासली. म्हणाले, पोरगी पोचणार नाही. उशीर झाला म्हणून जन्मभर स्वतःला खात बसेल. नंतरच कळव.

मी ऐकलं. डॉक्टर चुकले, ते सव्वापाचपर्यंत होते, चांगले शुद्धीवर. दुपारी दोनदा त्यांनी विचारलं, आता ती कुठवर आली असती. तीनला मी म्हटलं, आली असती.

जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
आई

२७ जुलै

ती. आईस,
सा. न.

पत्र मिळालं. वाचलं, मग डबा घासला, कपडे वाळत घातले, कामावर गेले. दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा तपासल्या. एकही चूक निघाली नाही. रडू येत नाही. येईल तेव्हा कळवीन.

तुझा फोन आल्यावर मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले होते. सामान नाही, रस्ते मोकळे. चार तास पाच मिनिटं लागली. तेव्हाही मी घड्याळ बघत होते, काय करू. जादा तास मी धरला होता, बाबांनी नाही आणि तूही नाही. तू तो स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस.

एकच मागते. तुला दम लागला, चक्कर आली, नुसतं करमेनासं झालं, तरी आधी फोन कर. डॉक्टरांना विचारू नकोस, बेरीज करू नकोस. मी वाटेत असताना तू बरी झालीस, तर दार उघड आणि म्हण, उगाच आलीस.

मला उगाच यायचंय, आई.

तुझ्या मायेत राहू दे.
तुझी लेक