उष्टी करंजी

सफ्रू, १४ ऑक्टोबर

लाडक्या बतूल,

सलाम. घरी सगळे बरे असतील. तुझ्या सासरी, उजद्याला थंडी पडली असेल. इथं ओढ्याला पाणी आलंय, दुकान ठीक चाललंय. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडण्याआधी वाचशील, म्हणून लिहितेय.

हल्ली आई रोज स्वप्नात येते. अंगणातल्या तुतीखाली बसून पाव चहात बुडवत असते. मी जवळ गेले की मूठ उघडते आणि माझ्या हातावर एकेक दात ठेवते, सोललेल्या बदामासारखा. "धर गं यम्ना," म्हणते. मी ओंजळ पुढे करते, आणि तेवढ्यात उजाडतं. शेजारच्या लाल्ला रकियाला सांगितलं तर म्हणाली, "खालचे दात असतील तर घरातली बाई जाते. वरचे असतील तर पुरुष." मी म्हटलं, पुढच्या खेपेला विचारून घेते. हसलो दोघी. पण घरातल्या बायका म्हणजे आता आपण दोघी बहिणीच.

माझा एक दात हलत होता. दाखवायला गेले. दातांची डॉक्टरीण कोवळी पोर आहे, पण जिभेला धार.

"तोंड एवढं लाल कशानं, लाल्ला?" तिनं मानानं विचारलं.

"सुवाक. अक्रोडाची साल. विकते मी ती, न लावून कसं चालेल?"

तिनं कापसानं हिरड्या पुसल्या. तपकिरी रंग निघून गेला आणि खालून पुन्हा लाल आलं, रक्ताचं. "साल विकणाऱ्या बाईला हे कळू नये?" म्हणाली. मग तहान लागते का, जखमा भरतात का, आईला मधुमेह होता का, असं विचारत बसली. रक्त तपासलं. मला साखर आहे, बतूल, बरीच वर्षं असावी. ती म्हणते, साखर हिरड्या खाते आणि सडक्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. दोघी जावांसारख्या एकमेकींना पेटवतात.

मी तिथंच खुर्चीत रडले. दातासाठी नाही.

आईचेही दात असेच गेले होते. मी लवंग लावत होते, सुवाक देत होते. पायाची जखम भरेना तेव्हा मीच नजर लागली म्हणाले. आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तू सगळ्यांदेखत विचारलंस, "दवाखान्यात का नेलं नाहीस?" मी म्हटलं, "सासरी बसून शहाणपण सोपं असतं." खरं उत्तर वेगळं होतं. आई स्वतः म्हणाली होती, "मला एकदा दाखवून आण." मी म्हटलं, चेरीची जत्रा होऊ दे, दुकानात गर्दी आहे. जत्रा झाली, आणि मग नेण्याजोगं काही उरलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अजून एक. तुझ्या मेहंदीच्या दुपारी तू बदामाची करंजी चावलीस, आणि पांढऱ्या करंजीवर तुझे दात लाल उमटले. तुझी सासू दारात होती. मी ती उष्टी करंजी झटकन खाऊन टाकली आणि तुझ्या हिरड्यांना सुवाक चोळला. "रोज लाव, कुणाला कळणार नाही," म्हणाले. अकरा वर्षं झाली. तीन वर्षं आपण बोललो नाही, तरी दर ईदेला मी सुवाकाची जुडी धाडली आणि तू ती परत केली नाहीस. मला वाटायचं, एवढं तरी नातं उरलंय. त्यातून मी काय पाठवत होते ते आता कळतंय.

या खेपेला सुवाक नाही. सोबतच्या डब्यात एकच करंजी आहे. चार दिवस काही लावू नकोस, मग एक घास घे आणि उरलेली करंजी उजेडात नीट बघ. लाल दिसो वा न दिसो, रक्त तपासून घे. माझ्यावर राग ठेव, हवा तेवढा ठेव, पण दवाखान्यात जा. लपवायला मी तिथं नाही, आणि असते तरी आता खाल्ली नसती.

तुझी उष्टी करंजी खाल्लेली,
यम्ना