काळा केलेला दिवा

१६ ऑक्टोबर २०२२, उम्म सलाल मोहम्मद
आले एकदाची! वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी इथे नवं हॉटेल उघडतंय आणि त्याच्या लॉबीतलं साडेतीनशे वर्षांचं तैलचित्र स्वच्छ करायला आलेय नाशिकची मी. माझा नवरा पियूष वर उत्तरेला, समुद्रकाठच्या शमालला इंजिनिअर. आठ महिन्यांनी निदान एका देशात तरी आलो.

चित्र बरोक थाटाचं, चहूकडे अंधार. मनोऱ्यावर हीरो नावाची ग्रीक मुलगी (हो, मुलगीच), खाली खवळलेल्या समुद्रातून पोहत येणारा तिचा लिअँडर. पुराणात वाऱ्याने तिचा दिवा विझतो, तो वाट चुकून बुडतो, मग ती उडी घेते. इथे मात्र दिव्यावर कुणीतरी नंतर काळा रंग फासलाय. मॅनेजर महमूद म्हणाला, तेवढं सोडून सगळं पुसा, मालकांचा हुकूम आहे. का, ते त्यालाही ठाऊक नाही.

२० ऑक्टोबर
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, नखाएवढी जागा पुसायची. थुंकीसारखं औषध नाही. महमूदने तोंड वाकडं केलं, करू दे. एक बोळा दोनदा तोंडात घालायचा नाही, एवढं मात्र पाळावं लागतं.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आजच्या दिवशी दिवा काळा ठेवायचा? माझ्याच्याने होणार नाही. हुकूम गेला खड्ड्यात. रंग काढला. खालून ज्योत निघाली, ताजी, पिवळी. आनंदाच्या भरात तोच बोळा पुन्हा तोंडात गेला. खारट लागला, समुद्रासारखा.

२७ ऑक्टोबर
रोजचे फोटो शेजारी लावून पाहिले. लिअँडर मनोऱ्यापासून चार विती लांब होता. आज दोन. महमूद पांढराफटक पडला. म्हणाला, पुन्हा काळं करा, खलास. मी नाही म्हटलं. दिवा गेला की पोहणारा बुडतो, एवढी गोष्ट मला कळते.

४ नोव्हेंबर, शुक्रवार दुपार
पोहणाऱ्याला पियूषचा चेहरा आलाय. भुवईवरचा व्रणसुद्धा. आणि पियूष सकाळीच शमालच्या समुद्रात पोहायला गेलाय — फोन उचलत नाही. चित्रातली ज्योत वाकतेय. दारं बंद, एसी बंद. महमूद काळा रंग घेऊन दार ठोकतोय. ठोक म्हणावं. तळहात ज्योतीला आडवा धरलाय. भाजतंय — धरणारच —

तीन वाजता
पियूषचा फोन. पाण्याच्या ओढीत सापडला होता. म्हणाला, "भर दुपारी किनाऱ्यावर दिवा दिसला, उल्का. त्याच्याकडे पोहत आलो." रडले.

चित्रातला चेहरा आता पियूषचा नाही. पण तो अजून येतोय — महमूद बाहेरून विनवतोय, आता तरी विझवा. नाही. ज्या दिव्याने माझा माणूस आणला, तोच दिवा हीरोचा माणूस यायच्या वेळी विझवू? हात काढणार नाही. येऊ दे त्याला तिच्याकडे —

ओली बोटं चौकटीवर — चौकटीच्या बाहेर —

तिच्याकडे बघतच नाही. दिवा कुणी धरलाय तेच बघतोय. माझ्या —