आत्याच्या कानातला सेल

...तर वकीलबाई, काल फोनवर अर्धवट राहिलं ते इथून पुढे लिहिते. सव्वीस वर्षांच्या मुलीलाही मृत्युपत्र करता येतं, हे तुम्हीच म्हणालात, तेव्हा आता हसू नका. मी, खाली सही करणारी, स्टुडिओवाल्या फोटोग्राफरची धाकटी मुलगी, डोकं ठिकाणावर असताना, कुणी मागे लागलेलं नसताना, स्वतःच्या हाताने हे लिहिते आहे. सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. काळजीचं काही कारण नाही असं डॉक्टर म्हणतात. हे ते जरा जास्तच वेळा म्हणतात, म्हणून हा कागद. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. 'सबब', 'उपरोक्त' वगैरे जिथे लागेल तिथे तुम्ही घाला, बाकी एक शब्द बदलू नका.

१. वरची खोली, गॅलरीसकट. कागदोपत्री ती माझी आहे. ती मी माझ्या आत्याला, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीला, परत देते. 'देते' नका लिहू, 'परत देते'च लिहा. आजोबांनी ती खोली आत्याला दिली होती. खिडकीशी तिचं शिलाई मशीन असायचं, फरशीवर अजून त्याच्या पायांचे डाग आहेत. आता ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागे भाड्याने राहते आणि लोकांच्या पॅन्ट आखूड करून देते. तुम्ही विचारलंत, आत्ताच बक्षीसपत्र का करत नाहीस? करणारच आहे. पण नोंदणीचं ऑफिस आज-उद्या बंद आणि सोमवारी मी ऑपरेशनच्या टेबलावर. उठले तर पहिलं काम तेच. नाही उठले तर हे.

२. बाबांचा जुना फिल्म कॅमेरा. हाही आत्याला. कारण जरा लांबलचक आहे, पण ते कळल्याशिवाय पहिलं कलम कुणाला पटणार नाही.

आत्या घर सोडून गेली त्याच सुमारास बाबांनी डिजिटल घेतला आणि हा कपाटात गेला. गेल्या वर्षी स्टुडिओ बंद करताना त्यांनी तो मला दिला. मी इतकी खूश की उशाशी घेऊन झोपायचे. पहिला रोल धुवून आला, सगळा काळपट. दुसरा, तसाच. दादा म्हणाला, "हिच्या हाताला उजेडच नाही. त्यापेक्षा फोनवर काढ की." बाबा म्हणाले, "त्या कॅमेऱ्याचा मीटर कधी चुकला नाही. बघणारा चुकतो."

लाईट मीटर म्हणजे आतला एक काटा. उजेड किती आहे ते तो दाखवतो आणि त्याप्रमाणे आपण लेन्स कमी-जास्त उघडतो. घरात, सावलीत बाबा तो बघायचे, उन्हात मात्र कधीच नाही. लहानपणी मला शिकवायचे, "भर उन्हात मीटर बघतो तो फोटोग्राफर नाही, कारकून." मी मात्र कारकूनच, मला काटा बघायला आवडतं.

मग मी हात धुवून त्या काट्याच्या मागे लागले. आधी फिल्मचा वेग सेट करायची चकती तपासली. ती बरोबर होती. सेलच्या खणात पत्र्याला हिरवं साचलेलं दिसलं. इअरबडला व्हिनेगर लावून घासलं, पत्रा चकाकला, काटा टुणटुण नाचायला लागला आणि तरीही चुकीचाच दाखवत राहिला. मग वाटलं, उजेड बघणारा आतला डोळाच म्हातारा झाला असेल. पण म्हातारपणी कमी दिसतं, जास्त नाही, आणि हा तर प्रत्येक वेळी जास्तच उजेड सांगायचा. पांढऱ्या भिंतीसमोर फोनच्या मीटरशी ताडून बघितलं. खिडकीत, जिन्यात, ट्यूबलाइटखाली, सगळीकडे चूक एकाच बाजूला. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर करत होते आणि बाबा समोर बसून पेपर वाचत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

राहिला सेल. वाचत बसले तेव्हा कळलं, हे कॅमेरे पाऱ्याच्या सेलवर चालायचे. पारा विषारी, म्हणून ते सेल माझ्या जन्माआधीच बंद झाले. आज दुकानात त्याच मापाचा मिळतो तो थोडा जास्त दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा. काट्याला फुकटचा जोर येतो आणि तो आहे त्यापेक्षा मोठं सांगतो. अगदी आमच्या दादासारखा. मग काट्याचं ऐकून आपण लेन्स कमी उघडतो आणि फोटो काळे.

कोडं सुटलं म्हणून मी उड्या मारल्या. आणि मग पुढचं कोडं पडलं. पाऱ्याचे सेल माझ्या जन्माआधी बंद झाले, तर माझ्या बारशापासूनचे बाबांचे फोटो इतके स्वच्छ कसे?

खणात एक काळं रबरी वॉशर होतं, नळाचं असतं तसं. दुकानातला सेल बसेना म्हणून मी ते कचरा समजून काढून ठेवलं होतं. ते पुन्हा हातात घेतलं. म्हणजे आधी इथे लहान सेल बसायचा. शोधलं तर एकच सापडला, बरोबर त्या भोकात बसणारा आणि पाऱ्याच्या सेलइतकाच दाब देणारा. कानाच्या मशीनचा.

आमच्या घरात कानाचं मशीन एकाच माणसाचं होतं.

आत्याकडे गेले. ती पॅन्ट उसवत बसली होती.

"आत्या, बाबा तुझ्या मशीनचा सेल घ्यायचे का गं?"

"घ्यायचा की. फोटो असला की यायचा. 'ताई, जरा कान दे तुझा.' मी काढून द्यायचे. पण परत आणून द्यायचा हं, कधी बुडवला नाही."

"आणि तोवर तू?"

"मी फोटोत नसायचे का? फोटोत काय ऐकायचं असतं, बाई. हसायचं असतं."

घरी येऊन सगळे अल्बम काढले. प्रत्येक चांगल्या फोटोत आत्या आहे, हसतेय. आमच्या घरात हा विनोदच होता, 'आत्याला काहीही सांगा, ती हसते.'

आणि एक फोटो गच्चीवरचा. आजोबा गेल्यानंतर वाटणीसाठी सगळे जमले होते तेव्हाचा. त्या दिवशीही बाबांनी सेल मागून नेला होता, असं आत्याने मागून सांगितलं. मी नववीत होते, मला तो दिवस नीट आठवतो. बाबांनी सगळ्यांना उभं केलं आणि मोठ्याने म्हणाले, "वरची खोली आपल्या धाकटीला द्यायची असं ताईने ठरवलंय. काय ताई?" सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आत्याला वाटलं, फोटो निघतोय. ती हसली, मान डोलावली. पुढच्या आठवड्यात कागद आले तेव्हा ती म्हणाली, "मी कधी म्हणाले असं?" बाबांनी फोटो पुढे केला. "अगं, सगळ्यांसमोर हो म्हणालीस. बघ, हसतेयस." तिने तो फोटो बराच वेळ बघितला. "म्हणाले असेन रे," म्हणाली आणि सही केली. शिलाई मशीन घेऊन गेली त्या दिवशी जिना उतरायला तिला कुणी हात दिला नाही.

बाबांना मी विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "त्या सेलचा स्टिकर एकदा काढला की वापरा न वापरा, तो संपतोच. एका फोटोसाठी नवा कशाला फोडायचा? फोटो चांगला यायला हवा होता, बाकी काही नाही." बोलणं बिनतोड. सेल खरंच तसाच असतो.

तर कॅमेरा आत्याला. मी तिला सांगितलंय, फोड, वीक, नाहीतर दाराला अडकण लाव. ती म्हणाली, "फोडू कशाला? फोटो किती छान यायचे त्यात."

३. बँकेत माझं जे काही असेल ते आत्याच्या सेलसाठी. पाकिटं भरपूर आणायची. फक्त तिच्या कानासाठी.

४. दादाला बुरशी लागलेली मोठी लेन्स. तिच्यातून सगळं जग धूसर दिसतं, त्याला फरक जाणवणार नाही. ऑपरेशनची तारीख कळल्यावर तो म्हणाला होता, "खोलीचं काय ते आधी लिहून ठेव गं." लिहिलं, दादा.

५. बाबांना सगळे अल्बम आणि ते रबरी वॉशर. वॉशर त्यांच्या हातात द्यायचं, पाकिटात घालून नाही. मी पत्रा घासत होते तेव्हा त्यांना ते टेबलावर दिसत होतं.

६. माझ्यामागे घरात माझा फोटो लावायचा झाला तर काळपट आलेल्यांपैकी लावा. ते मी कुणाचा कान न घेता काढलेत.

हे सगळं पार पाडायचं काम, वकीलबाई, तुमच्याकडे. आत्याला वाचून दाखवताना आधी मशीन चालू आहे का ते विचारा आणि तिच्या 'हो'वर जाऊ नका, कागद तिच्या हातात द्या.

माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या करणारे साक्षीदार: खालच्या औषधाच्या दुकानातल्या काकू (सही), माझे रोल धुणारे लॅबवाले (सही). दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

लिहिणारी: (सही)
ठिकाण: वरची, आत्याची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, आकडे तुम्ही घाला

सही झाल्यावर एक गोष्ट दिसली, म्हणून खाली लिहिते. साक्षीदारांनी पुन्हा सही केली आहे. गच्चीवरचा तो फोटो आत्ता समोर आहे. सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्यात, म्हणजे टळटळीत ऊन होतं. एवढ्या उन्हात बाबांनी जन्मात कधी मीटर बघितला नसता. आणि मीटर सोडला तर त्या कॅमेऱ्याला सेल लागतच नाही.

मग त्या दिवशी आत्याचा कान कशासाठी घेतला असेल, वकीलबाई, तुम्हाला काय वाटतं?